चर्चचा इतिहास नेमका कोणाचा? रिचर्ड कॉबचं ‘बॉम्बे चर्च’ वाचताना

पेट निघाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. या टप्प्यावरच्या अमरावती-अकोल्याकडच्या मित्रमैत्रिणींना विषय विचारला तर एक उत्तर हमखास येतं : ‘आमच्या गावातल्या अमुक संस्थेचा इतिहास.’ कोणी देवस्थान घेतं, कोणी जुनी शाळा, कोणी जिनिंग फॅक्टरी, तर कोणी इंग्रजांच्या काळातलं चर्च. विषय चांगले आहेत. घराजवळ आहेत, जाण्यायेण्याचा खर्च नाही, ओळखीपाळखी आहेत. अडचण पुढे येते. कामाला लागलं की सगळ्यात आधी हातात पडते ती संस्थेनेच काढलेली स्मरणिका. तिच्यात संस्थापकांचे फोटो, देणगीदारांची यादी, पायाभरणीची तारीख आणि उद्घाटनाला कोण कोण आलं होतं त्याचं वर्णन असतं. मग आपलं दुसरं प्रकरण म्हणजे त्या स्मरणिकेचा सारांश होऊन बसतो, आणि व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक विचारतात, ‘यात तुमचं काय?’

या पोस्टमध्ये अशाच एका जुन्या ‘स्मरणिके’ची चिकित्सा करायची आहे. पुस्तकाचं नाव ‘बॉम्बे चर्च’, लेखक रिचर्ड कॉब, प्रकाशन लंडन, साल १७६६. मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च कसं उभं राहिलं, याची ही हकिकत. वऱ्हाडात बसून मुंबईचं चर्च कशाला, असं कोणी विचारेल. कारण साधं आहे. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला तो १८५३ मध्ये, म्हणजे आपल्याकडची इंग्रजी चर्चं त्या मानाने तरुण आणि त्यांचे कागद विखुरलेले. महाराष्ट्रातल्या ज्या जुन्या इंग्रजी चर्चबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं, ते हे. पद्धत शिकायची तर जिथे कागद जास्त आहेत तिथे शिकावी आणि मग आपल्या गावाकडे वळावं.

आधी हकिकत

मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आलं. १६६९ ते १६७७ या काळात कंपनीचा इथला मुख्य अधिकारी होता जेराल्ड आँजिए. मुंबईत इंग्रजांचं चर्च असावं ही योजना त्याची. पैसे जमले, काम सुरू झालं, भिंती काही फूट वर आल्या, आणि आँजिए १६७७ मध्ये सुरतेत वारला. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं त्या भिंती छपराशिवाय तशाच उभ्या होत्या. प्रार्थना किल्ल्यातल्याच एका दालनात चालायची.

कॉब हा कंपनीचा पाद्री. तो १७१४ मध्ये मुंबईत आला. अर्धवट भिंती त्याच्या डोळ्यात खुपल्या. त्याने प्रवचनातून विषय काढला, गव्हर्नर आणि कौन्सिलच्या मागे लागला, वर्गणी गोळा केली, आणि १७१५ मध्ये काम परत सुरू झालं. २५ डिसेंबर १७१८, नाताळचा दिवस. गव्हर्नर चार्ल्स बून लवाजम्यासह आला आणि चर्च उघडलं. एका बाळाचा बाप्तिस्मा झाला, प्रार्थना झाली, नंतर मद्याचे पेले उंचावले गेले, किल्ल्यावरून तोफा सुटल्या.

पुढे १८३७ मध्ये मुंबईला पहिला बिशप मिळाला, थॉमस कार, आणि या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा आला. शहरातले मैलांचे दगड याच चर्चपासूनचं अंतर दाखवायचे. फोर्टच्या तटबंदीतला चर्चकडे जाणारा दरवाजा तो चर्चगेट. तटबंदी १८६० च्या दशकात पाडली, नाव मात्र स्टेशनला राहिलं. वऱ्हाडातून मुंबईला परीक्षेला गेलेला प्रत्येक जण ते नाव रोज घेतो, पण त्यातलं ‘चर्च’ कोणतं हे सहसा कोणी विचारत नाही.

एवढं वाचलं की प्रकरण तयार झाल्यासारखं वाटतं. संस्थापक आहे, अडथळा आहे, जिद्दीचा माणूस आहे, उद्घाटन आहे. आपल्याकडच्या कुठल्याही शाळेच्या स्मरणिकेचा साचा हाच. आता या साच्याला प्रश्न विचारू या.

पहिला प्रश्न : कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिलं?

चर्च उघडलं १७१८ मध्ये, पुस्तक आलं १७६६ मध्ये. मधे ४८ वर्षं. चर्च उघडल्यावर थोड्याच काळात कॉबचं गव्हर्नर-कौन्सिलशी बिनसलं आणि त्याला मुंबई सोडावी लागली. म्हणजे आपल्यासमोर असलेलं पुस्तक हे एका म्हाताऱ्या पाद्र्याने, इंग्लंडमध्ये बसून, आपल्या तरुणपणीच्या सगळ्यात मोठ्या कामाबद्दल इंग्रज वाचकांसाठी छापलेलं पुस्तक आहे. जुनी पत्रं आणि कागद त्याच्याजवळ होते, त्यामुळे पुस्तक फेकून देण्यासारखं मुळीच नाही. पण कोणते कागद घ्यायचे आणि कोणते नाही, हे त्याने ठरवलं. ज्या गावातून आपण भांडून निघालो, तिथे आपण काय उभं केलं हे दाखवायची गरज त्याला होती.

आपल्याला कोर्सवर्कमध्ये ‘प्राथमिक साधन’ आणि ‘दुय्यम साधन’ असे दोन कप्पे शिकवतात. कॉबचं पुस्तक कोणत्या कप्प्यात टाकाल? त्यातली १७१५ ची पत्रं प्राथमिक, आणि त्यांची १७६६ मध्ये केलेली मांडणी ही वेगळी गोष्ट. एकाच पुस्तकात दोन थर आहेत. सिनॉप्सिसमध्ये ‘प्राथमिक साधने : कॉब’ एवढंच लिहून भागत नाही. तळटीप देताना कोणत्या थराचा आधार घेतोय ते सांगावं लागतं.

आता मधल्या चाळीस वर्षांचं बघा. भिंती तशाच का राहिल्या? पहिल्या वर्गणीचं काय झालं? यावर अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा दुसरा साक्षीदार आहे. हा खाजगी व्यापारी, जहाजाचा कप्तान. त्याचं पूर्वेकडच्या प्रवासांचं पुस्तक १७२७ मध्ये आलं. त्याने सरळ आरोप केला की चर्चसाठी जमलेला पैसा सर जॉन चाइल्ड याने खाल्ला. चाइल्ड हा १६८० च्या दशकातला कंपनीचा इथला सर्वेसर्वा.

इथे नवख्या संशोधकाला फार आनंद होतो. घोटाळा सापडला! पण थांबा. खाजगी व्यापाऱ्यांचं आणि कंपनीचं हाडवैर होतं, आणि चाइल्डबद्दल हॅमिल्टन कुठेच बरं बोलत नाही. म्हणून त्याचा आरोप खोटाच, असंही ठरत नाही. शत्रूही कधी खरं बोलतो. मग प्रबंधात लिहायचं काय? ‘चाइल्डने पैसे खाल्ले’ हे वाक्य लिहायचं नाही. ‘पैसे खाल्ल्याचा आरोप हॅमिल्टनने केला, तो कंपनीविरोधी होता, आणि बांधकाम चार दशकं बंद होतं हे इतर साधनांतूनही दिसतं’ असं लिहायचं. लांब वाटतं, पण संशोधनाचं वाक्य असंच असतं. त्यात कोण बोलतंय ते दिसलं पाहिजे.

दुसरा प्रश्न : नावात काय दावा आहे?

पुस्तकाचं नाव ‘बॉम्बे चर्च’. जणू बेटावर एकच चर्च होतं. वस्तुस्थिती अशी की इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून, पोर्तुगीज काळात, मुंबईत कॅथलिक पॅरिश होत्या. माहीमचं सेंट मायकेल हे सोळाव्या शतकातलं. तिथे जाणारे लोक कोण? इथलेच. कोळी, कुणबी, आगरी अशा समाजांतून ख्रिस्ती झालेले, घरात इथलीच बोली बोलणारे. ‘मुंबईचं चर्च’ हा शब्द कोणाला लागू व्हायचा असेल तर तो आधी त्यांच्या चर्चना. कॉबच्या नावात मात्र इंग्रजांचं चर्च म्हणजेच मुंबईचं चर्च.

हा फक्त शब्दांचा खेळ नव्हता. १७२० मध्ये याच बूनने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना बेटाबाहेर काढलं आणि त्या पॅरिश पोपने नेमलेल्या वेगळ्या अधिकाऱ्याच्या, कार्मेलाइट संघातल्या पाद्र्यांच्या, हवाली केल्या. म्हणजे एका हाताने स्वतःच्या चर्चचं उद्घाटन आणि दोन वर्षांच्या आत दुसऱ्या हाताने इतरांच्या चर्चच्या कारभाराची फिरवाफिरव. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की नाताळच्या तोफांचा अर्थ बदलतो. बेटावर धर्माचा कारभार कोणाच्या हातात आहे, हे त्या तोफा सांगत होत्या.

शिकण्यासारखं काय? तुमच्या संस्थेच्या नावात ‘पहिली’, ‘एकमेव’, ‘गावची’ असे शब्द असतील तर तिथे बोट ठेवा. तिच्याआधी काय होतं ते शोधा. साहित्य आढाव्याचा खरा उपयोग तिथे होतो.

तिसरा प्रश्न : दाराबाहेर कोण उभं आहे?

कॉबच्या उद्घाटनाच्या वर्णनात एक तपशील येतो, जो नंतर मुंबईच्या इतिहासकारांनी पुन्हा पुन्हा सांगितला. त्या दिवशी आसपास बघ्यांची गर्दी होती आणि रामा कामत आपल्या जातभाईंसह आला होता. इंग्रजांची प्रार्थनेची पद्धत त्यांना इतकी आवडली की शेवटपर्यंत ते उभे राहिले, असं कॉब म्हणतो.

या वाक्यात निरीक्षण किती आणि तर्क किती? ‘ते शेवटपर्यंत उभे होते’ हे निरीक्षण. ‘त्यांना आवडलं’ हा कॉबचा तर्क. पाद्र्याने कामतांना विचारलं असेल, नसेल. गव्हर्नर समोर असताना बेटावरचा मोठा माणूस मधेच निघून जाईल का? उभं राहण्याला आवडीशिवाय शिष्टाचार, कुतूहल, हिशेब अशी अनेक कारणं असू शकतात.

आता हा माणूस कोण ते बघा. रामा कामत हा शेणवी समाजातला धनाढ्य. कंपनीच्या शिपायांच्या कामात त्याचा हात होता आणि बेटावर वजन होतं. वाळकेश्वरचं देऊळ त्याने नव्याने बांधलं, तेही १७१५ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी कॉबचं काम सुरू झालं त्याच वर्षी. देऊळ उभारायला काय लागतं, पैसा कसा जमवावा लागतो, प्रतिष्ठेच्या दिवशी मान कोणाला द्यावा लागतो, हे सगळं या माणसाला पाद्र्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. कॉबला तो खूश झालेला प्रेक्षक दिसला. आपल्याला तिथे एक देऊळकर्ता दुसऱ्या देवघराची वास्तुशांत बघताना दिसू शकतो. हासुद्धा तर्कच आहे, पण तो कशावर उभा आहे ते मी सांगितलं. कॉबने ते सांगितलं नाही.

त्यानंतरची गोष्ट कडू आहे. १७१८ मध्येच बूनचा खांदेरीवरचा हल्ला फसला होता. कान्होजी आंग्रे इंग्रजांना पुरून उरत होते. १७२० मध्ये रामा कामतावर आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा खटला भरला गेला. तो दोषी ठरला, मालमत्ता गेली, कैद झाली. १७२८ मध्ये तो तुरुंगातच वारला. ज्या पत्रांवर खटला उभा होता ती बनावट होती, असं नंतरच्या इतिहासकारांनी मांडलं.

नाताळला चर्चच्या दारात कौतुकाने ज्याचं नाव घेतलं, तो दोन वर्षांत राजद्रोही. चर्चचा इतिहास म्हणून आपण फक्त उद्घाटन लिहिलं तर कामत कायमचा हसतमुख बघ्या राहतो. म्हणून माझं म्हणणं असं : संस्थेच्या कागदात एखादा बाहेरचा माणूस एका ओळीत येऊन गेला, की त्याला तिथे सोडायचं नाही. त्याचं नाव घेऊन दुसऱ्या दप्तरात जायचं. महसुलाचे कागद, कोर्टाचे कागद, देवळाचे कागद. संस्थेचा समाजाशी संबंध काय होता, हे त्या दुसऱ्या दप्तरात सापडतं.

आतल्या माणसांचंही तसंच. मुंबईच्या जुन्या इतिहासांत या चर्चच्या बैठकव्यवस्थेचा उल्लेख येतो. कौन्सिलचे लोक कुठे, बड्या घरच्या बायका कुठे, जहाजांचे कप्तान कुठे, असं सगळं ठरलेलं, आणि त्यात एक जागा ‘खालच्या दर्जाच्या’ बायकांसाठी. आपल्याकडे पंगतीत पानं कशी मांडली यावरून गाव कळतं, तसंच हे. आराखडा मिळाला तर तो परिशिष्टात टाकून मोकळं होऊ नका. तो तुमचा पुरावा आहे, त्यावर लिहा.

तुलनेसाठी : मोरबाथचा जमाखर्च

कॉबच्या पुस्तकात काय नाही, ते कळण्यासाठी एक चांगलं पुस्तक शेजारी ठेवू. ईमन डफी या इतिहासकाराचं ‘द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ’ (२००१). मोरबाथ हे इंग्लंडच्या डेव्हन भागातलं खेडं, जेमतेम तेहतीस घरांचं. तिथे १५२० ते १५७४ अशी ५४ वर्षं एकच पाद्री होता, क्रिस्टोफर ट्रिकी. त्याने गावच्या चर्चचा जमाखर्च लिहून ठेवला, आणि तो गावासमोर वाचून दाखवला जायचा. डफीचं सगळं पुस्तक मुख्यतः त्या वहीवर उभं आहे.

वहीत आहे काय? चर्चच्या मालकीच्या मेंढ्या, आणि त्या कोणत्या घरी पाळायला दिल्या. वेगवेगळ्या संतांच्या नावाने वेगवेगळे निधी, तरुण पोरांचा वेगळा, मुलींचा वेगळा. मेणबत्त्यांचा खर्च. गावजेवणासारखा एक बिअरचा कार्यक्रम, ज्यातून चर्चला पैसे मिळायचे. आपल्याकडे सप्त्याची वही बघा : कोणी ज्वारी दिली, कोणी तूर, मंडपवाल्याला किती दिले, काल्याच्या दिवशी तेल किती लागलं. वही कोरडी दिसते, पण गावात कोण कोणाबरोबर बसतं-उठतं ते तिच्यात असतं.

आणि मग राजा बदलतो, धर्माचे नियम बदलतात. वर्षानुवर्षं पैसे साठवून ट्रिकीने अंत्यविधीच्या प्रार्थनेसाठी काळे झगे घेतले, आणि लगेचच नव्या राजवटीत तसल्या प्रार्थनांवरच गदा आली. निधी बंद झाले, मेंढ्या विकल्या गेल्या. १५४९ मध्ये डेव्हनमध्ये नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाविरुद्ध बंड झालं. वहीत पाच तरुणांना खर्चाला पैसे दिल्याची नोंद आहे. डफीने ती एक्सेटरबाहेरच्या बंडखोरांच्या छावणीशी जोडली. म्हणजे गावाने चर्चच्या पैशातून बंडाला पोरं पाठवली. एका खर्चाच्या ओळीतून केवढा अर्थ!

पण डफीचीही चिकित्सा व्हायला हवी. पुस्तकाच्या नावात ‘आवाज’ अनेकवचनी आहे. वहीत मात्र बोलतो एकटा ट्रिकी. गाव नाराज होतं की पाद्री नाराज होता? काही घरांना नवे नियम मनातून आवडले असतील तर ते या वहीत कुठे दिसणार? डफीला ही अडचण माहीत आहे आणि तो ती लपवत नाही, तरी पुस्तक वाचताना पाद्र्याचं दुःख हेच गावाचं दुःख वाटायला लागतं. लेखक जितका चांगला, तितकी ही भूल मोठी.

तरीही दोन पुस्तकांतला फरक मोठा आहे. कॉबच्या पुस्तकात इमारत आहे, ट्रिकीच्या वहीत रोजचा व्यवहार आहे. कॉब वर्गणी मोजतो ती बांधकाम पुरं करायला. ट्रिकी मेंढी मोजतो तेव्हा तिच्यामागचं घर, घरातली बाई, तिची पाळी सगळं येतं. सामुदायिक जीवन लिहायचं असेल तर उद्घाटनाच्या वृत्तान्तापेक्षा खर्चाची वही जास्त बोलते. माझ्या मते कॉबच्या पुस्तकाची खरी उणीव हीच. चर्च बांधून झाल्यावर तिथे आठवड्याला काय चालायचं, कोण यायचं, कोण येणं टाळायचं, याबद्दल त्याच्याकडून आपल्या हाती फार कमी लागतं.

आता वऱ्हाड

तर अमरावती, अकोला, अचलपूर, चिखलदरा इथल्या चर्चवर कोणाला काम करायचं असेल तर सुरुवात कुठून?

सोपी साधनं आधी. आल्फ्रेड लायलचं वऱ्हाडचं गॅझेटिअर १८७० चं, अकोला जिल्ह्याचं १९१० चं, अमरावतीचं १९११ चं. ओ. एस. क्रॉफ्टन यांनी १९३२ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या थडग्यांवरच्या लेखांची यादी छापली, टिपांसह. कॉलरा, ताप, बाळंतपण, शिकार, सगळे मृत्यू त्या दगडांवर वाचता येतात. पण यादी काढणाऱ्याची नजर युरोपियनांवर आहे. त्याच आवारात मराठी नावाचा दगड असेल तर तो तुम्हालाच जाऊन वाचावा लागेल. वही, पेन आणि पाण्याची बाटली घेऊन जा, उन्हाळा सोडून जा.

दुसरी साधनं मिशनची. अकोल्यात काम केलेल्या जेनी फुलर यांचं ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ हे पुस्तक १९०० मध्ये अमेरिकेत निघालं, प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. हे इंग्रज कारभाराचं चर्च नव्हे, अमेरिकन मिशन. पण प्रश्न तेच. कोणासाठी लिहिलं? परदेशातल्या वाचकांसाठी, ज्यांच्या सहानुभूतीवर आणि देणगीवर काम चालायचं. म्हणून हिंदू घरातल्या बाईचं दुःख त्यात गडद येणार. ते दुःख खोटं नव्हतं, हे रमाबाईंची प्रस्तावनाच सांगते. तरी चित्र कोणत्या बाजूने काढलंय ते बघावंच लागतं. छप्पनच्या दुष्काळानंतर अकोला-खामगाव भागात मिशनच्या अनाथाश्रमांत मुलं वाढली. अहवालांत अशी मुलं बहुधा आकडा होऊन येतात. ती पुढे कोण झाली, कोणत्या बाकावर बसली, घरात कोणती बोली बोलली, हा प्रबंधाचा विषय आहे. माझ्या मते चर्चच्या इमारतीपेक्षा मोठा.

तिसरं साधन मराठी. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासूनचं, अहमदनगरहून सुरू झालेलं. मराठी ख्रिस्ती माणसं स्वतःबद्दल स्वतःच्या भाषेत काय लिहीत होती, ते तिथे दिसतं. इंग्रजी अहवालाला एवढा चांगला शेजारी दुसरा नाही. ‘एवढं कशाला बाप्पा, गॅझेटिअर आहे ना,’ असं म्हणणारे भेटतील. त्यांना ‘ज्ञानोदय’चा एखादा जुना अंक दाखवा.

चौथं साधन रजिस्टर. बाप्तिस्मा, लग्न, दफन. कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या पाद्र्यांच्या रजिस्टरच्या प्रती लंडनला जायच्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात, बंगाल, मद्रास, मुंबई अशा तीन मालिकांत आहेत. स्थानिक मराठी मंडळीचं रजिस्टर मात्र बहुधा त्या चर्चच्याच कपाटात मिळेल.

आणि इथे हात आखडता घ्या. रजिस्टरमध्ये कोणाचे आजोबा कोणत्या जातीतून, कोणत्या साली ख्रिस्ती झाले ते लिहिलेलं असू शकतं. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची एक नोंद, तुम्ही नावासकट प्रबंधात छापली, पीडीएफ शोधगंगावर चढली, की आज गावात राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या जात प्रमाणपत्रापर्यंत ती पोचू शकते. धर्मांतराचा विषय किती पटकन तापतो हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून लेखी परवानगी, नावं बदलणं, कुटुंब ओळखू येईल असा तपशील गाळणं, आणि मंडळीच्या पंच कमिटीला लिहिलेलं आधी वाचायला देणं. हे सिनॉप्सिसमध्येच लिहा. आरआरसीत कोणी विचारलं नाही तरी लिहा.

मग कॉब वाचायचा की नाही?

वाचायचा, नक्की. तारखा, माणसं, पैसा कसा जमला, गव्हर्नर आणि पाद्री यांची ओढाताण, यासाठी त्याच्याकडे जावंच लागतं. उत्साही माणूस आहे, त्याच्यामुळेच त्या भिंतींवर छप्पर आलं. पण त्याचं चर्च हे बेटावर राज्य करणाऱ्यांचं चर्च आहे, आणि ते त्याला पूर्ण गावाएवढं वाटतं. ही त्याची मर्यादा आपण आपल्या प्रबंधात उचलून आणू नये.

वऱ्हाडातली चर्चं आज इंग्रजांची राहिलेली नाहीत. २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच, नागपुरात, अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्याआधीपासून आणि त्यानंतरही या भागातल्या बाकांवर मराठी माणसं बसतात, मराठीत भजनं गातात, आणि शेजारी त्यांना अजून विचारतात, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ तुमच्या प्रबंधात चर्चचा इतिहास आर्किटेक्ट आणि कमिशनरपाशी संपला, तर त्या प्रश्नाला तुम्हीच बळ दिल्यासारखं होईल.

विषय चर्चचा असो की देवस्थानाचा, सिनॉप्सिस लिहिण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहून बघा. हे लिहिलं कोणी आणि किती वर्षांनी? नावात काय दावा आहे? दाराबाहेर कोण उभं आहे आणि त्याचं पुढे काय झालं? रोजच्या खर्चाची वही कुठे आहे? चारपैकी दोनांची उत्तरं मिळत असतील तर विषय घ्या. चौथ्याचं उत्तर मिळालं तर नशीबवान आहात. आधी त्या वहीचे फोटो काढा, परवानगी घेऊन, आणि मग गाईडला फोन करा.